बाळसे आणि तराजू

बारशापासून उष्टावणापर्यंत आपल्या घरांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : "बाळाने बाळसे धरले का हो?" फार गोड शब्द आहे हा. गालांवरची तुकतुकी, मनगटावरच्या वळ्या, मांड्यांचा भरीवपणा, हे सारे आपल्या भाषेने त्या एका शब्दात साठवून ठेवले आहे. बाळसे दिसले की घर निश्चिंत होते. न दिसले तर कुजबूज सुरू होते, आणि त्या कुजबुजीचा रोख बहुधा एकाच व्यक्तीकडे असतो. ती व्यक्ती म्हणजे बाळाची आई. "हिला दूधच पुरेसे येत नाही," हा निकाल बाळाला तराजूत घालण्यापूर्वीच लागून गेलेला असतो.

एका सकाळचा प्रसंग सांगते. दवाखान्यात एकीपाठोपाठ एक अशा दोन माता आल्या. पहिलीच्या कडेवर पाच महिन्यांची मुलगी होती. बरोबर सासूबाई होत्या. मुलगी चणीने लहान, अंगाने सडसडीत. शेजारच्या घरचा तेवढ्याच वयाचा मुलगा आठ किलोंचा आहे आणि आमची ही सहा किलोंचीसुद्धा नाही, असे आजींचे गाऱ्हाणे होते. घरात दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली येऊन पडली होती. वाट होती ती केवळ माझ्या होकाराची. मुलीची आई मान खाली घालून बसली होती. दुसरीच्या कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा होता. गोल चेहऱ्याचा, हसरा. त्याला गोवराची लस टोचून घ्यायची होती. "याची काही काळजी नाही, डॉक्टरीणबाई. लस तेवढी द्या," असे त्याची आई म्हणाली.

मी दोघांचीही वजनाची कार्डे मागून घेतली. मुलगी जन्मली तेव्हा २.६ किलोंची होती. पुढे दर महिन्याच्या अखेरीस तिचे वजन ३.४, ४.३, ४.९, ५.५ आणि आता ५.९ किलो असे नोंदलेले होते. मुलाच्या कार्डावर सहाव्या महिन्यात ७.२, सातव्यात ७.३, आठव्यात ७.३ आणि नवव्यातही ७.३ किलो असे आकडे होते. याचा अर्थ उघड आहे. जिच्यासाठी घर काळजीत पडले होते ती मुलगी उत्तम वाढत होती. आणि ज्याच्याविषयी सारे निर्धास्त होते त्या मुलाची वाढ जवळजवळ तीन महिने थांबली होती.

श्रोते भगिनींनो, आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. बाळाचे वजन म्हणजे एका दिवसाचा आकडा नव्हे. शेजारच्या बाळाशी लावलेली ती शर्यत तर नव्हेच नव्हे. तेच बाळ गेल्या महिन्यात किती होते आणि या महिन्यात किती झाले, हा खरा प्रश्न. बाळाची तुलना करावयाची ती त्याच्या स्वतःशीच.

प्रथम निसर्गाचा क्रम काय आहे ते पाहू. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे तीन किलोंच्या बाळाचे दोनशे ते तीनशे ग्रॅम उतरतात. प्रसूतिगृहातून घरी येताना वजन कमी झालेले पाहून पुष्कळ घरांत घबराट उडते. परंतु एवढी घट स्वाभाविक असते. दहा ते चौदा दिवसांत बाळ आपले जन्मवजन परत मिळवते. तेथून पुढे त्याची घोडदौड सुरू होते. पहिल्या तीन महिन्यांत सरासरीने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साधारण ७५० ते ९०० ग्रॅम वजन चढते. तीन ते सहा महिन्यांच्या काळात ही चढ महिन्याला ४०० ते ६०० ग्रॅमवर येते. सहा ते नऊ महिन्यांत ती ३०० ते ४०० ग्रॅम, आणि नवव्या महिन्यानंतर २०० ते ३०० ग्रॅम एवढीच राहते. ठोकळमानाने पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाची दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट, हा हिशेब आईने लक्षात ठेवावा. त्याच काळात लांबी सुमारे ५० सेंटिमीटरांवरून ७५ वर जाते, आणि डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटरांच्या आसपास असतो तो ४५-४६ होतो. मेंदूची वाढ या वर्षात जितकी वेगाने होते तितकी पुढे आयुष्यात कधीही होत नाही.

वर्षाच्या उत्तरार्धात वेग मंदावतो याचे अनेकांना वाईट वाटते. "तिसऱ्या महिन्यापर्यंत कसे भराभर वाढत होते, आता काय झाले?" असे विचारतात. वेग मंदावला नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा. तीन किलोंचे बाळ दरमहा ९०० ग्रॅमने वर्षभर वाढत राहिले असते तर पहिल्या वाढदिवशी ते जवळजवळ १४ किलोंचे भरले असते! वेग कमी होणे हा निसर्गाचा नियम आहे. वेग शून्य होणे हा मात्र नियम नव्हे. या दोहोंतील फरक डोळ्यांना कळत नाही. तो तराजूला कळतो.

आता तराजूविषयी दोन शब्द. वजन दर महिन्याला एकदा घ्यावे आणि शक्यतो एकाच काट्यावर घ्यावे. रोज वजन करू नये. दूध पिण्याआधी आणि नंतर, शी होण्यापूर्वी आणि झाल्यावर, शंभर-दीडशे ग्रॅमांचा फरक सहज पडतो, आणि त्या फरकाने आईचा जीव विनाकारण वरखाली होतो. बाळाच्या अंगावरील कपडे, लोकरीची टोपी, दुपटे, कमरेची साखळी आणि पायांतले चांदीचे वाळे काढून ठेवावेत. हे सारे मिळून कधीकधी दोन-तीनशे ग्रॅम भरते. वर्षाच्या उत्तरार्धात तेवढी तर महिन्याची वाढ असते. वाळ्यांचे वजन बाळाच्या नावावर जमा झाले, तर पुढच्या महिन्यात वाळे काढल्यावर बाळ रोडावले असे वाटणार!

वजन घेतले की ते तक्त्यावर टिंब काढून नोंदवावे आणि आधीच्या टिंबाला रेषेने जोडावे. ही साधी युक्ती खेड्यापाड्यांत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः डेव्हिड मोर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञाला दिले जाते. १९५० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियात, इमेसी-इले नावाच्या गावी ते काम करीत होते. तेथील बालके उपासमारीने अचानक आजारी पडत नसत. आजार डोळ्यांना दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे त्यांचे वजन वाढणे थांबलेले असे. हे हेरून त्यांनी एक कार्ड तयार केले आणि ते दवाखान्यात न ठेवता आईच्याच हाती दिले. आरोग्याची वाट वर चढत जाते, हे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही त्या रेषेवरून उमगावे, हा त्यामागील विचार. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडीतील ताईच्या हाती हाच तक्ता आला. झोळीत बाळ घालून तिने काट्यावर घेतलेले ते वजन म्हणजे सरकारी सोपस्कार नव्हे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आज आपण जे तक्ते वापरतो ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांच्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेण्यात आली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. आईचे दूध, वेळेवर पूरक अन्न, स्वच्छता, औषधोपचार आणि धूम्रपान न करणारी आई, एवढ्या गोष्टी ज्या मुलांना लाभल्या होत्या अशीच मुले निवडली होती. निष्कर्ष विचार करावयास लावणारा निघाला. संधी सारखी मिळाली तर दिल्लीचे बाळ आणि ऑस्लोचे बाळ पहिल्या वर्षांत जवळजवळ सारखेच वाढते. एखाद्या मुलाची चण आईबापांवर जाते हे खरे. परंतु "आमच्याकडची मुले अशीच किरकोळ असतात," असे म्हणून सरसकट स्वस्थ बसता येणार नाही.

मुलगे आणि मुली यांचे तक्ते निरनिराळे आहेत. सहाव्या महिन्यात मधल्या रेषेवरचे वजन मुलाचे ७.९ आणि मुलीचे ७.३ किलो असते. वर्षअखेर ते ९.६ आणि ८.९ किलो होते. ही मधली रेषा म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण होण्याची रेषा नव्हे. निरोगी मुलांपैकी निम्मी तिच्या खालीच असतात. काळजीची मर्यादा तिच्याही पुष्कळ खाली आहे. सहाव्या महिन्यात मुलगा ६.४ किलोंपेक्षा आणि मुलगी ५.७ किलोंपेक्षा कमी भरली, किंवा वर्षअखेर मुलगा ७.७ आणि मुलगी ७ किलोंपेक्षा कमी भरली, तर वजन कमी आहे असे समजावे. परंतु त्याहूनही महत्त्वाची आहे ती रेषेची दिशा. छापील रेषांना समांतर वर चढणारी रेषा चांगली, मग ती मधल्या रेषेच्या वर असो वा खाली. आडवी झालेली रेषा हा इशारा, आणि खाली वळलेली रेषा हा धोका. मघाच्या मुलाचे ७.३ किलो वजन नुसते पाहिले असते तर ते मर्यादेच्या वरच होते. त्याची रेषा मात्र आडवी झाली होती.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावे लागतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर तक्त्यावर ते चार महिन्यांचे समजावे. एवढे न केल्यामुळे कितीतरी आयांना अकारण दोष लागतो.

दूध पुरते की नाही, हे ओळखावे कसे? रडण्यावरून नव्हे. बाळ भुकेने रडते तसे उकाड्याने, पोटदुखीने आणि केवळ कुशीत घ्यावे म्हणूनही रडते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होत असेल, दिवसभरात आठ ते बारा वेळा ते अंगावर पीत असेल, आणि महिनाअखेर वजन चढत असेल, तर दूध पुरते आहे. अशा बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत दुसरे काहीही लागत नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. बाटली आली की बाळ अंगावर कमी पिते. बाळ कमी प्यायले की दूध कमी येऊ लागते. आणि "हिला दूध नाही" हे भाकीत आपणच खरे करून दाखवतो. शिवाय भुकटी महाग, म्हणून ती पातळ कालवली जाते. आणि बाटलीचे बूच नीट उकळले नाही की जुलाब ठेवलेलेच. १९९२ च्या कायद्याने अशा भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात बंदी आहे. डब्यावर बाळाचे चित्र छापण्यासही मनाई आहे, कारण त्या चित्रातील गुबगुबीत गालच आईचा आत्मविश्वास हिरावून घेत असत.

घरातील वडीलधाऱ्यांना येथे एक विनंती आहे. आजीचे तेल चोळणे, अंघोळ घालणे, मांडीवर थोपटणे यांनी बाळाचे भलेच होते. परंतु मध चाटवणे वर्षभर तरी टाळावे. मधात कधीकधी एका विषारी जंतूची बीजे असतात आणि तान्ह्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. गुटी, साखरपाणी आणि वरचे दूध यांनीही पहिल्या सहा महिन्यांत लाभ नाही, उलट पोटाची जागा मात्र अडते.

आता त्या नऊ महिन्यांच्या मुलाकडे वळू. मी त्याच्या आईला विचारले, "याला खायला काय देता?" ती म्हणाली, "सहाव्या महिन्यात मामाच्या मांडीवर बसवून थाटात उष्टावण केले. तेव्हापासून रोज वरणाचे पाणी देते, भाताची पेज देते. कधी चहात बुडवून बिस्किट देते." दोष कोठे आहे, हे सुज्ञ भगिनींच्या ध्यानात आलेच असेल. उष्टावणाचा संस्कार झाला होता; खाणे सुरू झालेच नव्हते.

आपल्या पूर्वजांनी उष्टावणाला सहावा महिना नेमला. आजच्या विज्ञानाचेही तेच म्हणणे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांतही सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर घरचे मऊ अन्न असेच सांगितले आहे. सहा महिन्यांनंतरही आईचे दूध बाळाच्या गरजेची निम्मी किंवा अधिक ऊर्जा पुरवते. पण उरलेली कोठून तरी यावयास हवी. जन्मतः अंगात साठवलेले लोहही याच सुमारास संपत आलेले असते. अशा वेळी वरणाचे नुसते पाणी देणे म्हणजे पाहुण्याला ताट मांडून ताटात पाणी वाढण्यासारखे आहे. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले की अन्नाला जागा उरत नाही.

म्हणून अन्न घट्ट असावे. त्याची कसोटी सोपी आहे : चमचा तिरका केला असता अन्न घरंगळून पडता कामा नये. वरणातले पाणी नव्हे, खालची घट्ट डाळ द्यावी. मऊ भात, डाळ आणि वर चमचाभर तूप किंवा तेल हे कुस्करून द्यावे. नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, शिजवलेला भोपळा, पालेभाजी हे सारे चालते. जे खातात त्यांनी अंडे द्यावे. गोमंतकातील भगिनींनी काटे नीट काढलेली मासळी द्यावी. इंदूर-ग्वाल्हेरकडचा दलिया, वडोदऱ्याची मऊ खिचडी, बेळगावकडची नाचणी, यांतले काहीही घ्या. प्रांताप्रमाणे पदार्थ बदलतील, कसोटी तीच. मीठ आणि साखर वर्षभर घालू नये. चहा तर मुळीच नको, कारण तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. आरंभ दोन-तीन चमच्यांनी करून हळूहळू अर्धी वाटी करावी. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा भरवावे, आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. ताप किंवा जुलाब झाले असता खाणे बंद करू नये, आणि बरे वाटल्यावर काही दिवस एक वेळचे अन्न अधिक द्यावे. आजारात हरवलेले वजन असेच परत मिळते.

या विषयाची दुसरी बाजूही आहे. बाळसे म्हणजेच बळ, ही समजूत अपुरी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी केली. २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील बाळांचे ३.५ किलो. वजन, पोटाचा घेर, दंड हे सारे आपल्या बाळांत कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते मांस. दिसण्यात बारीक असलेले बाळही अंतर्यामी असे चरबीकडे झुकलेले असू शकते. म्हणून गुटगुटीत दिसावे या हट्टाने नाक दाबून भरवणे, झोपेत बाटली तोंडात घालणे, हे टाळले पाहिजे. बाळाने मान फिरवली की चमचा खाली ठेवावा. तसेच अंगावर पिणारे बाळ गुबगुबीत दिसले म्हणून त्याचे दूध तोडणे हेही तितकेच चूक.

डॉक्टरांकडे कधी जावे? दोन आठवड्यांत जन्मवजन परत आले नाही; पहिल्या तीन महिन्यांत एखाद्या महिन्यात ५०० ग्रॅमही वाढले नाहीत; पुढे लागोपाठ दोन महिने वजन हलले नाही किंवा एकदाही घटले; बाळ नीट ओढत नाही, निस्तेज पडून राहते, लघवी कमी करते; पायांवर सूज दिसते; अशा वेळी वाट पाहू नये. सुजेने वजन उलट वाढलेले दिसते, हेही विसरू नये. आणि जाताना कार्ड न्यावे. तेवढे एक कार्ड डॉक्टरांना जे सांगते, ते घरातील चार माणसांची साक्ष सांगू शकत नाही.

त्या दिवशी मी आजींना कार्डावरील चढती रेषा बोटाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि म्हणाल्या, "म्हणजे सूनबाईचे दूध पुरते म्हणायचे." तो डबा उघडलाच गेला नाही. मुलाला लस दिली, थोडी तपासणी केली आणि घट्ट वरण-भात सुरू करावयास सांगितले. पुढच्या महिन्यात तो ७.७ किलो भरला, त्याच्या पुढच्या महिन्यात ८.१. काटा एवढा हललेला पाहून त्याच्या आईला जो आनंद झाला, तो प्रत्येक आईला दरमहा मिळावा.

आपल्या घरातील बाळाचे कार्ड आज काढून पाहा. शेवटचे टिंब महिन्यापूर्वीचे असेल तर येत्या आठवड्यात वजन करून घ्या. एवढे सांगून मी आपली रजा घेते.